चिनी समुद्रातले चाचे आणि तारवांवरच्या तोफा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या हाँगकाँगवरच्या लेखात आम्ही लिहिलं होतं की गव्हर्नर सर रिचर्ड मॅक्डॉनेल यांनी १८६६ पासून जंकांची, म्हणजे चिनी शिडाच्या तारवांची, नोंदणी सक्तीची केली आणि त्यांच्यावरच्या तोफा उतरवण्याचा आग्रह धरला. या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

सांगलीहून प्रश्न : माल वाहणाऱ्या तारवावर तोफा कशाला? चीनच्या बादशहाची त्याला परवानगी होती का?

परवानगी होती, पण ती हात आखडून दिलेली. चीनवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याच्या दरबाराला दोन भीती होत्या. व्यापारी नि:शस्त्र राहिला तर चाचे त्याला लुटणार, आणि सशस्त्र झाला तर तोच उद्या चाचा होणार. म्हणून नियम सारखे सैल-घट्ट होत राहिले. १७२० साली समुद्रावर जाणाऱ्या तारवांवर तोफा-बंदुकांना बंदी आली. युंगचंग बादशहाच्या काळात, १७२८ मध्ये, परदेशी जाणाऱ्या मोठ्या तारवांना ८ बंदुका, १० तलवारी आणि १० धनुष्यं एवढी मुभा मिळाली. १७३० मध्ये त्यात दोन तोफांची भर पडली, आणि बारुदीची मर्यादा ३० चिन ठेवली गेली.

३० चिन म्हणजे साधारण १८ किलो, किंवा ४० पौंड. सहा पौंडी गोळ्याच्या तोफेला त्या काळच्या ढोबळ हिशोबानं गोळ्याच्या वजनाच्या एक तृतीयांश, म्हणजे २ पौंड बारूद लागते. त्या हिशोबानं अख्ख्या साठ्यात २० बार होतात, दोन तोफांना वाटून दहा-दहा. बंदुकांसाठी त्यात चिमूटभरही उरत नाही, आणि दमट हवेत सर्दावलेली बारूद वेगळीच. फुच्यान प्रांतातून बटावियाला (आजच्या जाकार्ताला) निघालेल्या तारवाला हा साठा परत येईपर्यंत पुरवायचा. साहजिकच नाखवे कागदावर ३० चिन दाखवायचे आणि मालाखाली जास्त ठेवायचे. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत जे जे घडलं त्याची मुळं इथे आहेत. पाळता न येणारी मर्यादा घातली की प्रामाणिक माणूसही लपवाछपवी शिकतो, आणि मग झडतीत सापडलेली जास्तीची बारूद व्यापाऱ्याची की चाच्याची, हे कुणालाच सांगता येत नाही.

शस्त्रांपेक्षा तारवाच्या आकारावर आणि ओळखीवर ठेवलेले नियम जास्त शहाणपणाचे होते. १७०३ च्या नियमानुसार मासेमारी करणाऱ्या तारवाची रुंदी १ चांग (सव्वातीन मीटरच्या आसपास) आणि माणसं २० यांपेक्षा जास्त नकोत. व्यापारी तारवाला दोन डोलकाठ्या चालतील, पण रुंदी १ चांग ८ छ (१० छ म्हणजे १ चांग) आणि माणसं २८ यांच्या आत. १७२३ पासून प्रांतानुसार रंग ठरवून दिले. क्वांगतुंगचा लाल, फुच्यानचा हिरवा, चच्यांगचा पांढरा आणि च्यांगनानचा निळा. शिवाय दोन्ही बाजूंना जिल्हा आणि क्रमांक कोरायचा. लांबून पाहिल्याबरोबर तारू कुठलं ते कळावं, ही त्यामागची सोय.

ठाण्याहून प्रश्न : इंग्रज आरमाराला समोरचं तारू चाच्यांचं की व्यापाऱ्याचं, हे कळायचं कसं?

बरेचदा कळायचंच नाही. अधिकारी ज्या खुणा पाहत त्या अशा : तारवाच्या मानानं माणसं फार, माल नगण्य, वेताच्या ढाली आणि भाले भरपूर, तोफांबरोबर जेजाला (कठड्यावर टेकवून उडवायच्या लांब जड बंदुका), आणि डोलकाठीच्या टोकाशी टोपल्यात ठेवलेली मडकी.

ही मडकी चिनी समुद्रातलं सर्वांत धसक्याचं हत्यार. मातीच्या भांड्यात बारूद, गंधक आणि दुर्गंधी धूर करणारे पदार्थ भरायचे, तोंडाशी पेटता निखारा किंवा उदबत्ती ठेवायची, आणि भांडं दोरीनं डोलकाठीवर चढवायचं. शत्रूचं तारू अंगाला भिडलं की वरून त्याच्या डेकवर फेकायचं. भांडं फुटतं, निखारा बारुदीला लागतो, जाळ आणि गुदमरवणारा धूर उठतो. खलाशी पाण्यात उड्या टाकतात आणि धूर विरायच्या आत चाचे चढून येतात. धोका असा की वर टांगलेल्या टोपल्याची दोरी गोळीनं तुटली तर सगळी मडकी आपल्याच डेकवर फुटतात. म्हणून सराईत टोळ्या ती आयत्या वेळी वर चढवत.

अडचण ही की ढाली, भाले, जेजाला, मडकी, सगळं व्यापारी तारवावरही असायचं, कारण त्यालाही स्वतःचा बचाव करायचा होता. शस्त्र हा पुरावा होऊ शकत नव्हता. त्यात पैशाचा मामला मिसळला. १८२५ च्या इंग्लंडच्या कायद्यानुसार पकडलेल्या किंवा लढाईत मारलेल्या प्रत्येक चाच्यामागे २० पौंड आणि तारवावरच्या इतर प्रत्येक माणसामागे ५ पौंड बक्षीस मिळायचं. आधी तोफ डागायची आणि चौकशी मागाहून करायची, याला हे उघड उत्तेजन होतं.

१८४९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कमांडर डॅलरिंपल-हे यांच्या जहाजांनी आधी हाँगकाँगच्या ईशान्येच्या बायस बे भागात चुई-आपू या टोळीप्रमुखाचा आणि मग टॉनकिनच्या (उत्तर व्हिएतनामच्या) किनाऱ्यावर शाप-न्ग-त्साय या दुसऱ्या टोळीप्रमुखाचा ताफा उद्ध्वस्त केला. दुसऱ्या मोहिमेत तर ६४ पैकी ५८ जंक गेल्या. ते चाचेच होते यात शंका नाही, पण अशा मोहिमांचे बक्षिसाचे आकडे लंडनला डोईजड झाले. १८५० साली संसदेनं माणशी दर रद्द करून बक्षीस किती द्यायचं हे सरकारच्या मर्जीवर ठेवलं. आमच्या मते चाचेगिरीविरुद्धच्या सगळ्या कायद्यांत हा बदल सर्वांत न्याय्य होता, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

नाशिकहून प्रश्न : मॅक्डॉनेल यांची व्यवस्था नेमकी कशी चालायची? तोफा उतरवून चाचेगिरी थांबली का?

तोफा उतरवणं हा व्यवस्थेचा एक भाग होता आणि एकटा घेतला तर सगळ्यात कच्चा भाग. आधी पार्श्वभूमी. १८४१ पासून हाँगकाँग इंग्रजांकडे आलं तेव्हा बंदर खुलं होतं, कुणीही या, कुणीही जा. चाच्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. किनाऱ्यावरच्या दुकानांत तोफा, गोळे आणि बारूद राजरोस विकत मिळे. चाच्यांचे हेर बंदरात बसून कोणतं तारू काय माल घेऊन कधी सुटणार याची खबर देत. लुटीचा माल त्याच बंदरात विकला जाई. १८५७ साली मा-चाव वाँग नावाच्या इसमाला चाच्यांशी संगनमत केल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो सरकारी अधिकारी डॅनियल कॉल्डवेल यांचा खबऱ्या होता. खबऱ्याच चाच्यांना सामील असेल तर गनबोट (तोफा असलेली छोटी युद्धनौका) कुठे पाठवायची हे चाचेच ठरवणार.

मॅक्डॉनेल १८६६ मध्ये आले आणि त्यांनी समुद्राआधी बंदर हातात घेतलं. त्या वर्षीच्या कायद्यांनंतर जंकेच्या नाखव्याला साधारण हे करावं लागे :

आल्याबरोबर हार्बर मास्टरच्या कचेरीत किंवा तिच्या चौकीवर वर्दी द्यायची. चौक्या मुख्य बंदराबाहेरही होत्या. शाउकीवान, अॅबर्डीन आणि स्टॅन्ली इथल्या चौक्या महत्त्वाच्या, कारण चाचे नेमक्या त्याच खाड्यांत लपत. तिथे तारवाचं नाव, मालक, वहनक्षमता, माणसं, शस्त्रं हा तपशील लिहून घेतला जाई. नांगर ठरवून दिलेल्या जागीच टाकायचा. सुटताना परत जाऊन रवानगीचा परवाना घ्यायचा, आणि रात्री सुटायचं तर वेगळी परवानगी. शिवाय लुटीचा माल घेणाऱ्यांवर आणि चाच्यांना सामान पुरवणाऱ्यांवर कारवाईची तरतूद झाली. हे शेवटचं कलम आम्हाला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण गिऱ्हाईक तुटलं की लूट किनाऱ्यावर पडून राहते.

आता तोफांचं. बंदरात तोफा मोजून उतरवता येत होत्या. पण हाँगकाँगचा अंमल बंदराबाहेर तीन मैलांपर्यंत, आणि पलीकडे छिंग सरकारचा मुलूख. तीन ठिकाणी गाडं अडायचं. पहिलं, तोफ उतरवलेलं तारू बाहेर पडून दुसऱ्या खाडीत ठेवलेली तोफ परत चढवायचं. तोफ जड असली तरी दोन डोलकाठ्यांच्या मध्ये कप्पी लावून चार-पाच माणसं ती सहज आत घेतात. दुसरं, लहान मासेमारी तारवांवर मोजण्याजोगी तोफ नसायचीच. असली पाच-सहा तारवं रात्री एकत्र आली की मडकी आणि भाल्यांवरच काम भागे. तिसरं आणि सर्वांत वाईट म्हणजे कायदा पाळणारा व्यापारी नि:शस्त्र होई आणि न पाळणारा चाचा मात्र सशस्त्रच राही. संरक्षण दिल्याशिवाय शस्त्र काढून घेणं म्हणजे प्रामाणिक माणसाला वाऱ्यावर सोडणं, आणि व्यापाऱ्यांची ही तक्रार रास्तच होती.

म्हणून जोडीला दोन गोष्टी लागल्या. क्रिमियन युद्धाच्या वेळी बांधलेल्या उथळ बुडाच्या वाफेच्या गनबोटी चिनी किनाऱ्यावर आणल्या गेल्या. सुमारे १०६ फूट लांब, ६० अश्वशक्तीच्या नाममात्र क्षमतेचं इंजिन, दोन मोठ्या तोफा. वारा पडला की जंक जागच्या जागी थांबते आणि गनबोट चालत राहते. ओहोटीला चिखलाच्या खाडीत शिरणंही तिला जमे. पण गनबोट खाडीच्या तोंडाशी पोचली तरी गावात शिरण्याचा अधिकार तिला नव्हता. तो चिनी अधिकाऱ्याचा. १८५८ च्या तिएनत्सिन तहाच्या ५३व्या कलमात चाचेगिरी मोडायला दोन्ही सरकारांनी मिळून उपाय करावेत असं लिहिलं होतं, आणि ५२व्या कलमानं चाच्यांचा पाठलाग करणाऱ्या इंग्रज युद्धनौकांना सर्व चिनी बंदरं खुली केली होती. ही कलमं कामाला लागली ती चिनी अधिकारी सोबत घेऊन गनबोटी निघू लागल्या तेव्हा, आणि क्वांगतुंगच्या प्रांतिक सरकारनं १८६० च्या दशकाच्या अखेरीला स्वतःच्या वाफेच्या गनबोटी घेतल्या तेव्हा.

त्यानंतर मोठे ताफे दिसेनासे झाले. श्रेय वाटायचं तर पहिला वाटा नोंदणीचा आणि लुटीच्या गिऱ्हाइकांवरच्या कारवाईचा, दुसरा चिनी सरकारच्या सहभागाचा, तिसरा वाफेचा. किमती माल हळूहळू आगबोटींतून जाऊ लागला, हेही विसरू नये. तोफा उतरवल्या गेल्या त्या मुख्यतः बाकीचं जमल्यानंतर, जेव्हा नाखव्यांनाच त्या ओझं वाटू लागल्या.

कोल्हापूरहून प्रश्न : चाच्यांनी आपण होऊन शस्त्रं खाली ठेवल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते इंग्रजांच्या आधीचं आहे. चंग यी हा टोळीप्रमुख १८०७ मध्ये वारल्यावर त्याच्या विधवेनं, चंग यी साओनं, चांग पाओ या सरदाराच्या साथीनं संयुक्त ताफा चालवला. या टोळ्यांनी १८०५ मध्ये आपसात जो करार केला होता त्यात प्रत्येक तारवाला पथकाची खूण आणि क्रमांक देण्याचं कलम होतं. सरकारला जी नोंदणी जमत नव्हती ती चाच्यांनी स्वतःपुरती जमवली होती. त्यांचे परवाने विकत घेतल्याशिवाय मीठ वाहणाऱ्या तारवांना हलता येत नसे.

लढून ते हरेनात तेव्हा छिंग सरकारनं माफीचा मार्ग धरला. १८१० मध्ये १७,३१८ माणसं, २२६ तारवं, १,३१५ तोफा आणि २,७९८ इतर शस्त्रं सरकारजमा झाली. त्या बदल्यात बहुतेकांना माफी, लूट स्वतःकडे ठेवायची मुभा, आणि चांग पाओला आरमारात हुद्दा मिळाला. १८४९ च्या पराभवातून निसटलेल्या शाप-न्ग-त्सायनंही शेवटी हाच रस्ता धरून सरकारी हुद्दा पत्करला. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला शस्त्राऐवजी पोट भरायचं दुसरं साधन दिलं की तो शस्त्र देतो. इतक्या तोफा एका झटक्यात कुठल्याही गनबोटीनं गोळा केल्या नाहीत.

मालवणहून प्रश्न : असाच तह इंग्रजांनी आमच्याकडेही केला होता ना?

हो. १ ऑक्टोबर १८१२ च्या तहानं कोल्हापूरच्या छत्रपतींना मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग कंपनीला द्यावा लागला. आपल्या बंदरांत सशस्त्र तारवं बांधू किंवा येऊ देणार नाही, आणि कंपनीला झडती घेऊ देऊ, असंही कबूल करावं लागलं. त्याच सुमारास सावंतवाडीकडून वेंगुर्ला घेताना हीच अट आली. दोन फरक मात्र ध्यानात ठेवा. कोकणातल्या आरमारांना कंपनी सरसकट चाचे म्हणत असली तरी ती राज्यांची आरमारं होती, दस्तक देऊन जकात घेणारी. चीनमधले बहुतेक चाचे हे मासेमारीचा हंगाम बुडाल्यावर लुटीकडे वळलेले दर्यावर्दी होते आणि त्यांचं सरकारही त्यांना चाचेच मानत होतं. दुसरा फरक, कोकणात १८१८ नंतर किनाऱ्यामागची जमीनही कंपनीच्या हाती आली, म्हणून इथली नि:शस्त्रता टिकली. हाँगकाँगमागची जमीन इंग्रजांची नव्हती.

पुण्याहून प्रश्न : 'अॅरो' प्रकरणाचा याच्याशी संबंध काय?

थेट संबंध. 'अॅरो' ही लोर्चा, म्हणजे युरोपीय बांध्याचं आणि चिनी शिडांचं तारू. त्यावर हाँगकाँगची नोंदणी आणि इंग्रज झेंडा. चाच्यांच्या संशयावरून ८ ऑक्टोबर १८५६ ला कँटनच्या अधिकाऱ्यांनी तिचे १२ खलाशी धरले. नोंदणीची मुदत २७ सप्टेंबरलाच संपली होती, तरी कँटनमधले इंग्रज वकील (कॉन्सल) हॅरी पार्क्स यांनी झेंड्याच्या अपमानाचा मुद्दा केला आणि दुसरं अफू युद्ध पेटलं. झेंडा विकत मिळू लागला की चाचाही तो विकत घेतो. मॅक्डॉनेल यांच्या काटेकोर नोंदवहीला या अनुभवाची पार्श्वभूमी होती.

मुंबईहून, व्यापारी जहाजावर नोकरी केलेल्या वाचकाचा प्रश्न : आगबोटी आल्यावर चाचेगिरी संपली का?

संपली नाही, जहाजाच्या आत शिरली. चाचे तिकीट काढून डेकवरचे प्रवासी म्हणून चढू लागले. डिसेंबर १८९० मध्ये 'नामोआ' या आगबोटीवर असंच झालं आणि कप्तान मारला गेला. १९२० च्या दशकात पद्धत ठरून गेली. पिस्तुलं सामानात लपवायची, ठरल्या वेळी ब्रिज, इंजिनरूम आणि अधिकाऱ्यांची जेवणाची खोली एकदम ताब्यात घ्यायची, बिनतारी यंत्र मोडायचं, दिवे मालवायचे आणि जहाज हाँगकाँगच्या ईशान्येला साधारण ६०-६५ मैलांवरच्या बायस बेमध्ये न्यायचं. तिथे होड्या तयार असत. लूट आणि ओलीस उतरवून टोळी डोंगरात पसार.

१९१४ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यात 'ताइ ऑन' ही आगबोट जळून मोठी जीवितहानी झाल्यावर हाँगकाँगनं नियम केले. ब्रिज आणि इंजिनरूम प्रवासी डेकपासून लोखंडी जाळ्यांनी तोडायचे, दारांना कुलपं, सशस्त्र पहारेकरी (त्यात बरेच हिंदी), चढताना झडती. कागदावर चोख. पण उकाड्यात आणि जेवणाची ने-आण करताना जाळीची दारं उघडी राहत, आणि चाच्यांचा पहिला हल्ला पहारेकऱ्यावरच होई, कारण त्याची बंदूक हवी असे. नोव्हेंबर १९२६ मध्ये 'सनिंग'च्या अधिकाऱ्यांनी पाण्याची खोली मोजायच्या शिशाच्या वजनानं हल्ला करून ब्रिज परत मिळवला, तेव्हा चाच्यांनी खालून आग लावली. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'एल-४' या इंग्रज पाणबुडीनं बायस बेच्या तोंडाशी चाच्यांनी ताब्यात घेतलेल्या 'आयरीन'वर तोफ डागली. चाचे सापडले, पण प्रवासीही बुडाले. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रज आरमारानं बायस बेची गावं जाळली होती, तरी धाडी थांबल्या नाहीत. जानेवारी १९३५ मध्ये शाळकरी मुलं घेऊन निघालेली 'तुंगचाऊ' लुटली गेली. तिच्यावर रशियन पहारेकरी होते आणि त्यातला एक मारला गेला.

नागपूरहून प्रश्न : मुलाकडे हाँगकाँगला जाणार आहोत. यातलं प्रत्यक्ष काय पाहता येईल?

सागरी संग्रहालयातलं 'चिंग हाय छ्वान थू' हे चित्र चुकवू नका. सुमारे १८ मीटर लांब, २० प्रसंगांचं. १८०९-१० मध्ये व्हाइसरॉय पाय लिंग यांनी चाच्यांशी दिलेला लढा आणि शेवटची शरणागती त्यात आहे. तारवांचे आकार, डोलकाठ्या आणि शस्त्रं नीट न्याहाळायला वेळ ठेवा. लांताव बेटावरचा तुंग चुंग किल्लाही पाहा. हल्लीची बांधणी १८३२ ची असून तटावर सहा जुन्या तोफा आहेत. मेट्रोनं तुंग चुंगपर्यंत जाता येतं आणि तिथून किल्ला जवळ आहे.